झाडाचं वय, कपाटाचं वय

मार्च २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून मिरवणूक काढून सागवान अयोध्येला पाठवण्यात आलं. राममंदिराच्या दारांसाठी विदर्भातला साग निवडला गेला होता. दिल्लीतल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेलं. त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. सागाच्या गाभ्यात मुळातच तेल असतं, त्याला वाळवी सहसा शिवत नाही आणि नीट घडवलेलं दार पिढ्यान् पिढ्या हलत नाही. पण बल्लारपूरच्या आगारात लिलावाला लागणारा सगळाच साग देवळात आणि संसदेत जात नाही. त्यातला बराचसा वखारी आणि आरागिरण्यांमधून फर्निचरच्या कारखान्यांत पोचतो आणि त्याचे सोफे, पलंग, टीव्ही युनिट होतात. टीव्ही युनिटचंच बघा. पंधरा वर्षांपूर्वी ते बत्तीस इंची टीव्हीच्या मापानं कोनाडा सोडून घडवलं जायचं. आता पंचावन्न इंची टीव्ही त्यात बसत नाही, म्हणून अख्खं युनिट भिंतीवरून उतरतं आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं. लाकडाला काहीही झालेलं नसतं. साठ-सत्तर वर्षं जंगलात उभं राहिलेलं झाड माणसाच्या घरात वीस वर्षंसुद्धा काढत नाही.

फर्निचर उद्योगानं पर्यावरण कसं सांभाळावं, अशी चर्चा निघाली की कारखान्याच्या छपरावरचे सौर पॅनेल, पुठ्ठ्याचं वेष्टन आणि ‘एक सोफा घ्या, तुमच्या नावानं एक झाड लावू’ छापाच्या जाहिराती पुढे येतात. यातलं काही वाईट नाही. पण या सगळ्याच्या आधी लावायची कसोटी साधी आहे : लाकडी वस्तू किमान तितकी वर्षं वापरात राहिली पाहिजे, जितकी वर्षं तिचं लाकूड वाढायला लागली. कारण हिशेबाचं आहे. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. एक घनमीटर सागवानात अडकलेला कार्बन हवेत सुटला तर त्याचा एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. लाकूड कपाटाच्या रूपात घरात उभं आहे तोवर तो कार्बन बंदिस्त आहे. ते जळालं किंवा कचऱ्यात कुजलं की तो परत हवेत. तोडलेल्या झाडाच्या जागी लावलेलं रोप तेवढंच मोठं होईपर्यंत जुनं लाकूड वापरात राहिलं, तर खातं जमेला राहतं. त्याआधीच वस्तू मोडीत निघाली, तर निसर्गाकडून घेतलेली उधारी थकलेली असते. आणि जाहिरातीतलं ते एक रोप? ते जगलंच, तरी सोफ्यात गेलेल्या लाकडाची भरपाई करायला त्याला कित्येक दशकं लागतात. सोफा विकणाऱ्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षी ते रोप बघायला जातात?

ही कसोटी लावली की आपल्या मनातली ठरलेली उतरंड बरीचशी उलटीपालटी होते. वन विभागाच्या कार्य आयोजनांत नैसर्गिक सागाच्या तोडणीचा फेरा साधारण साठ ते ऐंशी वर्षांचा असतो. इक्वाडोर किंवा कोस्टा रिकातून येणारा लागवडीचा साग वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला असतो. त्यात पांढरट रसकाष्ठ जास्त, त्यामुळे तो देशी सागाइतका टिकतही नाही. रबराचं झाड पंचवीस-तीस वर्षांनी चीक देईनासं झालं की तोडतात. त्याचं लाकूड एके काळी सरपणात जायचं, आता बोरॉनची प्रक्रिया करून त्याच्या खुर्च्या आणि जेवणाची टेबलं होतात. निलगिरी आणि पॉप्लर पाच-आठ वर्षांत, बांबू तीन-चार वर्षांत तयार. म्हणजे पॉप्लरच्या प्लायवूडचं साधंसं कपाट बारा वर्षं टिकलं तर त्यानं आपलं देणं फेडलं. अस्सल सागवानाचा, नक्षीदार, लाखभर रुपयांचा सोफा बारा वर्षांत निघाला तर तो मोठा अपव्यय. ‘आमच्याकडे सगळं सॉलिड टीक’ असं अभिमानानं सांगणाऱ्या कारखानदारानं म्हणूनच जास्त जबाबदारी घ्यायला हवी. त्यानं सागाची वस्तू अशीच घडवावी की तिचा घाट लवकर जुना होणार नाही, सांधे उघडून परत बसवता येतील आणि नातवंडांनाही ती नकोशी होणार नाही. ज्याला दर पाच वर्षांनी नवी फॅशन बाजारात आणायची आहे, त्यानं सागाला हात लावू नये. त्याच्यासाठी पॉप्लर आहे, रबरवूड आहे, बांबू आहे.

इथे पहिला आक्षेप ठरलेला : झाडं तोडायचीच कशाला? लोखंडी, प्लास्टिकचं फर्निचर वापरा. हा युक्तिवाद शहरी मनाला पटतो, कारण तोडलेलं झाड डोळ्यांना दिसतं, भट्टी दिसत नाही. भारतात एक टन पोलाद तयार करताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पोलादी कपाटाला मी कमी लेखत नाही. आजीच्या लग्नातलं, दोनदा रंगवलेलं, आरसा एकदा बदललेलं लोखंडी कपाट आजही अनेक घरांत कुलूप लावून उभं आहे आणि टिकाऊपणाच्या कसोटीवर ते भल्याभल्या लाकडी कपाटांना मागे टाकतं. शिवाय मोडीत गेलं तरी पोलाद पुन्हा वितळवता येतं. पण म्हणून लाकूड टाळणं हे पर्यावरणाचं काम ठरत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं लाकडावर चालणाऱ्या उद्योगांना सांगितलं की कच्चा माल शक्यतो जंगलातून न घेता शेतकऱ्यांशी नातं जोडून मिळवा. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मंजूर कार्य आयोजनेशिवाय वनांतली तोड थांबवली, आणि ईशान्येकडच्या जंगलांवर जगणाऱ्या प्लायवूड गिरण्या बसल्या. त्यानंतर हरियाणातल्या यमुनानगरनं बांधावरच्या पॉप्लर आणि निलगिरीवर देशातला सर्वात मोठा प्लायवूडचा धंदा उभा केला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार वनांबाहेरच्या झाडांतून वर्षाला सुमारे नऊ कोटी घनमीटर औद्योगिक लाकूड मिळू शकतं. सरकारी जंगलांतून मिळणारं लाकूड त्यापुढे अगदी थोडं. शेतकरी बांधावर झाड ठेवतो ते त्याला भाव मिळतो म्हणून. उद्या लाकडाला गिऱ्हाईकच नसेल तर तो पहिल्यांदा ती झाडंच काढील.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो माझ्याच कसोटीवर आहे. झाड पाच वर्षांचं असलं तरी प्लायवूड म्हणजे नुसतं झाड नव्हे. त्यात डिंक असतो. बरोबर आहे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफमध्ये तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास रेझिन असतं, बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचं. फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, त्याला लोक ‘नव्या फर्निचरचा वास’ म्हणतात. तो बोर्डातून हळूहळू बाहेर पडणारा वायू असू शकतो. म्हणून कारखानदारानं बोर्ड घेताना उत्सर्जनाची प्रत विचारलीच पाहिजे. ‘ई वन’ किंवा त्याहून कडक ‘ई झिरो’ असा शिक्का आणि त्यामागचा चाचणी अहवाल मागितला पाहिजे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीसाठी आयएस ७१० दर्जाचं, फिनॉलिक डिंकाचं प्लायवूड महाग पडतं. पण ते पाण्याला टिकतं आणि त्यातून फॉर्माल्डिहाइडही पुष्कळ कमी सुटतं. एवढं करूनही डिंक उरतोच, हे मान्य. त्याचा अर्थ इतकाच की बोर्डाच्या वस्तूला लाकडाच्या वयाइतकं टिकून भागत नाही; डिंकाचं देणं फेडण्यासाठी तिला त्याच्या दुप्पट-तिप्पट जगावं लागेल. आठ वर्षांच्या पॉप्लरचं कपाट पंधरा-वीस वर्षं चाललं पाहिजे. आज ते का चालत नाही, हे बघायला कपाटाच्या बिजागरीपाशी जावं लागतं.

पार्टिकल बोर्डात बिजागरीचा स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो, कारण तो दाबलेल्या भुशात स्वतःची वाट काढतो. पोरं दाराला लोंबकळतात, दार रोज दहा वेळा उघडतं-मिटतं, आणि तीन-चार वर्षांत स्क्रू सैल होतो. तो पुन्हा आवळला तर भुसा गळून भोक मोठं होतं. आता त्या जागी कुठलाच स्क्रू धरत नाही. दुसरीकडे खालच्या कडेला लावलेली पट्टी पावसाळ्यात सुटते, फरशी पुसताना पाणी आत शिरतं आणि बोर्ड फुगतो. कोकणात तर पहिल्याच पावसाळ्यात हे घडतं. सनमायका शाबूत, रंग शाबूत, अठरा मिलिमीटरचा बोर्ड बहुतेक ठिकाणी शाबूत; पण एक बिजागरी आणि एक कड गेली म्हणून कपाट बाद. हे टाळणं तंत्रज्ञानाच्या दृष्टीनं अवघड नाही. बिजागरीच्या जागी आधीच लाकडाचा ठोकळा किंवा प्लायवूडची पट्टी बसवायची, स्क्रूऐवजी बोर्डात आटे असलेली धातूची बुशी टाकायची, चारही कडा बंद करायच्या, अगदी मागची न दिसणारीसुद्धा. खाली दोन इंचांचे पाय द्यायचे म्हणजे बोर्ड फरशीला टेकणार नाही. या सगळ्यानं कपाटाची किंमत थोडीफार वाढेल, पण आयुष्य कितीतरी जास्त वाढेल. माझ्या लेखी कारखानदाराचं पर्यावरणप्रेम मोजायची जागा ही : न दिसणारी मागची कड त्यानं बंद केली आहे का?

लाकूड कुठून आलं, हा प्रश्न यानंतरचा, पण तितकाच टाळता न येणारा. भारतातल्या सागाची बरीचशी गरज आयातीवर भागते आणि तिथे वय विचारून भागत नाही. म्यानमारनं एप्रिल २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. फेब्रुवारी २०२१ मधल्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघानं तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, कारण त्या सागाचा पैसा बंदुकांकडे जात होता. ‘बर्मा टीक’ नावाचा जुना दिमाख आजही आपल्या बाजारात चालतो. तो विकणाऱ्यानं ते लाकूड कधी आणि कुठल्या कागदांवर आलं ते सांगावं. शिसवाचंही तसंच. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या अख्ख्या वंशाचा समावेश वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला, तेव्हा जोधपूर आणि सहारनपूरच्या निर्यातदारांची धावपळ उडाली. पुढे २०२२ मध्ये पनामातल्या बैठकीत थोडी सूट मिळाली, पण त्या पाच वर्षांत अनेकांनी शिसवाऐवजी आंबा आणि बाभूळ वापरायला सुरुवात केली होती. दट्ट्या बसल्यावर का होईना, उद्योग बदलू शकतो हे त्यातून दिसलं. रबरवूडचं कौतुक करतानाही मागे वळून बघायला हवं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात जिथे नैसर्गिक जंगल साफ करून रबर लावलं गेलं, तिथल्या झाडाचं लाकूड पंचवीस वर्षांनी ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक होईल.

यावर छोटे कारखानदार म्हणतात, आणि त्यांची तक्रार खोटी नाही, की एफएससीसारखं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्यांना परवडत नाही. लेखापरीक्षकाची फी, दर वर्षीची तपासणी, कागदपत्रं. आठ कारागिरांच्या कारखान्याला हे झेपत नाही. शिवाय प्रमाणपत्र म्हणजे खात्री नव्हे. युक्रेनमधलं बेकायदा तोडलेलं बीच लाकूड एफएससीचा शिक्का असलेल्या साखळीतून आयकियाच्या खुर्च्यांत पोचल्याचा आरोप २०२० मध्ये ‘अर्थसाइट’ या ब्रिटिश संस्थेनं केला होता. बड्यांच्या साखळीवर असे प्रश्न उभे राहतात, तर छोट्यांनी लाखो रुपये का घालावेत? माझं म्हणणं असं की छोट्यानं प्रमाणपत्राच्या आधी बिलापासून सुरुवात करावी. वखारीतून लाकूड घेताना त्याचा वाहतूक परवाना मागून घ्यायचा, त्याची प्रत फाइलला लावायची, आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहायचं : लाकूड आंबा, रत्नागिरी जिल्हा, प्लायवूड पॉप्लर, यमुनानगर. याला पैसे लागत नाहीत, फक्त जे विकतो ते माहीत असावं लागतं. ज्याला ते लिहिता येत नाही, त्याला आपल्या मालाचा ठावठिकाणा माहीत नाही असंच समजायचं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली. तिचा उपयोग छोट्यांना गटानं मिळून प्रमाणपत्र घेण्यासाठी व्हायला हवा, आणि त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रांनी पुढाकार घ्यायला हवा. युरोपीय संघाचा जंगलतोडमुक्त मालाचा नियम २०२३ मध्येच झाला आहे. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली तरी निर्यातदाराला लाकडाच्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावेच लागणार आहेत. बिलावर गाव लिहायची सवय तेव्हा कामाला येईल.

कारखान्याच्या आतल्या गोष्टी त्या मानानं सोप्या आहेत आणि तिथे पर्यावरण आणि नफा बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात, म्हणून त्यावर फार शाई खर्च करत नाही. एक उदाहरण पुरे. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते, म्हणजे रुंदी अठ्ठेचाळीस इंच. कपाटाची खोली पावणेचोवीस इंच ठरवली तर करवतीच्या पात्याची जाडी धरूनही एका शीटमधून दोन बाजू निघतात. गिऱ्हाइकाच्या किंवा इंटिरियर डिझायनरच्या आग्रहानं ती सव्वीस इंच केली की एकच बाजू निघते आणि बावीस इंचांची पट्टी उरते, जी फळ्यांत गेली तर ठीक, नाही तर कोपऱ्यात. म्हणजे नासाडी ठरते ती कागदावर, करवत हातात घेण्याआधी. लाकूड नीट सुकवणं हेही तसंच. ओलं लाकूड लवकर घरात जातं, उन्हाळ्यात तडकतं, पावसाळ्यात वाकतं आणि ‘हल्लीचं लाकूडच खराब’ अशी लाकडाची बदनामी होते. थिनरच्या वाफा सोडणाऱ्या पॉलिशऐवजी पाण्यावर आधारित पॉलिश आलं आहे. त्याचा पहिला फायदा बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणाऱ्या कारागिराला मिळतो, झाडाला नंतर. नुसत्या लाकडाचा भुसा विटा करून बॉयलरला विकता येतो. लॅमिनेट चिकटलेल्या बोर्डाचे तुकडे मात्र कारखान्याच्या मागे पेटवणं तातडीनं बंद झालं पाहिजे.

अवघड आक्षेप अजून बाकी आहे. लोकांनाच टिकाऊ वस्तू नको आहे. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार बदलणारं कुटुंब, पुनर्विकासात तीन वर्षांसाठी दुसरीकडे जाणारी मुंबईची चाळ, हिंजवडीत नोकरी करणारी आणि उद्या हैदराबादला जाणारी मुलगी : यांना सागाचा पलंग घेऊन काय करायचं? खरं आहे. पण फिरतं आयुष्य असलेल्या माणसाला लवकर मोडणारं फर्निचर हवं असतं, हे गृहीतक चूक आहे. त्याला लवकर उघडता येणारं आणि पुन्हा जोडता येणारं फर्निचर हवं असतं. आज बदलीच्या वेळी कपाट फुकट देऊन टाकावं लागतं, कारण सुतारानं ते भिंतीला खिळे आणि डिंकानं पक्कं केलेलं असतं, किंवा पार्टिकल बोर्डाचं असेल तर दुसऱ्यांदा उघडलं की त्याच्या भोकांत स्क्रू धरत नाही. तिसऱ्या मजल्याच्या वळणदार जिन्यावरून टेम्पोपर्यंत जाईल आणि नव्या घरी अर्ध्या तासात उभं राहील असं कपाट ज्यानं बनवलं, त्यानं टिकाऊपणा आणि सोय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या. सिंधुदुर्गातल्या माणगा बांबूचं फर्निचर इथे लक्ष वेधून घेतं : हलकं, चार वर्षांत तयार होणाऱ्या कच्च्या मालाचं, आणि कुडाळच्या कॉनबॅकसारख्या संस्थेनं प्रक्रियेनं कीड रोखून विक्रीयोग्य केलेलं.

आणि धंद्याचं काय? वस्तू तीस वर्षं टिकली तर गिऱ्हाईक पुन्हा कशाला येईल? या भीतीनंच आजचा फर्निचरचा बाजार हलतो आहे, आणि ती कुठे घेऊन जाते ते अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकड्यांत दिसतं. तिथे १९६० मध्ये फर्निचरचा कचरा सुमारे बावीस लाख टन होता. २०१८ मध्ये तो एक कोटी एकवीस लाख टनांवर गेला आणि त्यातला ऐंशी टक्के जमिनीत गाडला गेला. पुनर्वापर नावापुरता. आपण त्याच रस्त्याला लागलो आहोत, फक्त आपल्याकडे अजून भंगारवाला, जुना बाजार आणि जुन्या वाड्यांचं सागवान विकत घेणारा सुतार ही साखळी शिल्लक आहे. कारखानदारानं या साखळीला गिऱ्हाईक तोडणारी मानण्याऐवजी स्वतः तिच्यात उतरावं. विकलेल्या प्रत्येक मॉडेलच्या बिजागऱ्या, सरकते रूळ, पाय आणि कुशन दहा वर्षं तरी सुटे मिळतील असं लेखी द्यावं. जुना सोफा परत घ्यावा, फोम आणि कापड बदलून निम्म्या दरात पुन्हा विकावा. एका सांगाड्यावर तीनदा नफा मिळवता येतो, आणि तो कारागिराच्या हाताला काम देऊन. कार्यालयांना फर्निचर भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांना हे समजलं आहे. खुर्ची त्यांच्याच मालकीची राहते, म्हणून ती दुरुस्त होईल अशीच असणं त्यांना परवडतं.

तरीही चांगल्या कारखानदाराच्या सद्भावनेवर हा विषय सोडून चालणार नाही, कारण मागची कड बंद करणाऱ्याची किंमत न करणाऱ्यापेक्षा नेहमीच जास्त राहील. फ्रान्सनं २०१३ पासून फर्निचरच्या प्रत्येक विक्रीवर एक छोटी रक्कम वेगळी दाखवायला लावली आहे, आणि तिच्यातून जुन्या फर्निचरचं संकलन चालतं. आपल्याकडे प्लास्टिक, ई-कचरा, बॅटरी आणि टायर यांच्या उत्पादकांवर अशी जबाबदारी आली. फर्निचर त्या यादीत नाही. ती आधी मोठ्या ब्रँडवर आणि आयातदारांवर यावी, छोट्या सुतारावर नको. कराचंही बघा : सप्टेंबर २०२५ पासून बांबू-वेताच्या फर्निचरवर जीएसटी पाच टक्के झाला हे चांगलंच, पण दुरुस्त करता येणाऱ्या आणि न येणाऱ्या कपाटात कर काहीच फरक करत नाही. सरकारही मोठा खरेदीदार आहे आणि तिथे बहुधा सर्वात कमी दराची निविदा जिंकते. जिल्हा परिषदेच्या शाळेतला बाक चार वर्षांत डुगडुगायला लागतो तो त्यामुळेच. निविदेत किंमत भागिले हमीची वर्षं असा दर लावा, सुटे भाग आणि लाकडाचं मूळ लिहून देण्याची अट घाला, आणि पुरवठादार महिन्याभरात स्क्रूच्या जागी बुशी टाकायला लागतील. राज्याच्या उद्योग आणि शालेय शिक्षण विभागांना यासाठी केंद्राच्या कायद्याची वाट बघण्याची गरज नाही. पुढच्या बाकांच्या खरेदीपासून हे करता येईल. तोवर फर्निचर घ्यायला गेलेल्या वाचकानं दुकानदाराकडून दोन गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात : लाकूड कुठलं, आणि बिजागरी मोडली तर सुटी किती वर्षं मिळेल. त्यानं लिहून दिलं नाही तर पुढच्या दुकानात जावं.